एका डोळ्याला इंजेक्शन, दुसऱ्याला लेसर: असं का?

प्रश्न जुळे सोलापुरातल्या एका ताईंचा आहे, थोडक्यात असा: अण्णांचं वय ६१. तीस वर्षं चादरीच्या कारखान्यात नक्षी विणायच्या जकार्ड मागावर काम. शुगर सोळा वर्षांपासून, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ९.१. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याला सूज. उजव्या डोळ्याची नजर ६/१८, डाव्याची ६/९ (खालचा आकडा जितका मोठा, तितकी नजर कमी). डॉक्टरांनी उजव्यात तीन इंजेक्शनं आणि डाव्याला लेसर सांगितलाय. आजार एकच, मग उपचार दोन का? शेजारच्या काकांनी लेसर केला आणि त्यांची नजर गेली, त्यामुळे अण्णा लेसरचं नाव काढू देत नाहीत. शिवाय इंजेक्शनं पुन्हा पुन्हा लागतात म्हणे. त्यापेक्षा दोन्ही डोळ्यांना एकदाच लेसर करून मोकळं व्हावं का?

ताई, ओसीटीचे, म्हणजे पडद्याची जाडी मोजणाऱ्या तपासणीचे, फोटो जोडलेत ते फार बरं केलंत. अण्णांचे डोळे मी स्वतः पाहिलेले नाहीत, पण या कागदांवरून तुमच्या डॉक्टरांनी विचार करून सांगितलंय असं दिसतं. उजव्या डोळ्याच्या ऐन मध्यभागी पडद्याची जाडी ४१२ मायक्रॉन आहे (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन). तिथे ती अडीचशे ते पावणेतीनशे असायला हवी. डाव्या डोळ्यात मध्यभाग २६१, म्हणजे कोरडा आहे. सूज आहे ती मध्याच्या वरच्या अंगाला, आणि तिच्या कडेने पिवळट कणांची अर्धगोल रांग दिसतेय. एका डोळ्यात पाणी देवघरात शिरलंय, दुसऱ्यात अजून ओसरीवर आहे. उपचार वेगळे आहेत ते एवढ्यासाठीच.

थोडं सविस्तर सांगतो, कारण अण्णांच्या मनातली भीती काढायची तर ‘काही होत नाही हो’ एवढ्याने भागणार नाही.

डोळ्याच्या मागच्या पडद्याचा मधला भाग म्हणजे मॅक्युला. जेमतेम साडेपाच मिलिमीटरचा. वाचणं, सुईत दोरा ओवणं, माणसाचा चेहरा ओळखणं, बसची पाटी वाचणं ही सगळी कामं इथली. बाकीचा अख्खा पडदा आजूबाजूचं भान ठेवतो, म्हणजे उंबरा कुठे आहे, कडेने रिक्षा येतेय का, वगैरे. मॅक्युलाच्या मध्यावर दीडेक मिलिमीटरचा खळगा आहे, त्याला फोव्हिया म्हणतात. त्याच्याही मधोमध साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या जागेत एकही रक्तवाहिनी नाही. सगळ्यात तीक्ष्ण नजर तिथली.

शुगर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पडद्यातल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांची भिंत कमजोर होते. सायकलच्या जुन्या ट्यूबला फुगा यावा तसे तिला जागोजागी सूक्ष्म फुगवटे येतात आणि त्यांतून पाणी आणि चरबी झिरपते. पाणी साचतं ती सूज. चरबी मागे राहते ते पिवळट कण. सूज मध्याला पोचली की नजर धुरकट होते आणि सरळ रेघ वाकडी दिसू लागते.

मागावरच्या माणसाला हे लवकर कळतं, आणि गंमत म्हणजे तोच ते सगळ्यात उशिरा मान्य करतो. मागे एक जकार्डवाले आले होते. चादरीच्या काठाची रेघ त्यांना वाकडी दिसे. त्यांनी फणीला दोष दिला. फणी बदलली, मालकाशी वाद घातला, शेवटी माग बदलून घेतला. ‘डॉक्टर, नव्या मागावर पण तसंच वाकडं दिसायलंय,’ असं सांगत होते. एक डोळा हाताने झाकून बघायचं त्यांना चार महिन्यांत कुणी सुचवलं नव्हतं. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईटाला सांभाळून घेतो आणि माणूस बेसावध राहतो.

आता लेसरकडे येतो. खरा घोळ या शब्दाचाच आहे. आपल्याकडे पाच निरनिराळ्या गोष्टींना ‘डोळ्याचा लेसर’ म्हणतात. चष्म्याचा नंबर घालवायचा लेसर बुबुळावर करतात, पडद्याशी त्याचा काही संबंध नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी भिंगामागची जाळी पांढुरकी होते, ती कापायचा लेसर वेगळा. तो पाच मिनिटांत होतो आणि दुसऱ्या दिवशी माणूस म्हणतो, ‘लख्ख दिसतंय!’ काचबिंदूसाठी बुबुळामागच्या रंगीत पडद्याला बारीक भोक पाडतात तो तिसरा. डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या कडेकडेने शेकडो ठिपके देतात तो चौथा. आणि मॅक्युलाजवळ मोजकेच, अगदी हलके ठिपके देतात तो पाचवा. अण्णांच्या डाव्या डोळ्याला सांगितलाय तो हा. जाळीचा लेसर केलेली आत्या ‘मला दुसऱ्या दिवशी दिसलं’ सांगते आणि मॅक्युलाचा लेसर केलेला भाचा ‘मला काहीच फरक नाही’ म्हणतो. दोघंही खरंच बोलत असतात.

शेजारच्या काकांना बहुधा चौथ्या प्रकारचा लेसर झाला असावा. फाइल पाहिल्याशिवाय खात्रीने सांगता येणार नाही, पण ही गोष्ट माझ्या ओपीडीत इतक्यांदा ऐकलीय की तिचा साचा पाठ झालाय. शुगर पुढच्या टप्प्याला गेली की पडद्याला प्राणवायू कमी पडतो. पडदा मग व्हीईजीएफ नावाचं एक रसायन सोडतो, ‘नव्या रक्तवाहिन्या पाठवा’ असा निरोप म्हणा. येतात त्या ठिसूळ आणि कुठेही वाढणाऱ्या. त्या फुटल्या की डोळ्यात रक्त पसरतं, ओढल्या गेल्या की पडदा जागचा सुटतो. या टप्प्याला पडद्याच्या कडेच्या भागावर बाराशे ते सोळाशे ठिपके देण्याची रीत आहे, दोन-तीन बैठकांत. दुष्काळात डाळिंबवाला शेतकरी कडेची झाडं सोडून देतो आणि आहे ते पाणी मधल्या झाडांना घालतो. हिशोब तोच. कडेच्या पेशींची प्राणवायूची मागणी संपली की उरलेल्या पडद्याचं भागतं आणि व्हीईजीएफ उतरतं. त्याची किंमत मोजावी लागते: रात्रीची नजर थोडी मंदावते, कडेचं दिसणं थोडं आकसतं, आणि मॅक्युलाची सूज काही काळ वाढूही शकते. पण हा लेसर नसता तर काय झालं असतं याचं उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाने १९७६ सालीच दिलंय. अशा धोक्याच्या डोळ्यांत नजर पार जाण्याचं प्रमाण लेसरने निम्म्याहून कमी झालं.

अडचण अशी की लोक त्या लेसरला येतात कधी, तर डोळ्यात एकदा रक्त सांडून गेल्यावर. लेसर मंगळवारी होतो, पुढच्या आठवड्यात आधीच ठिसूळ झालेली रक्तवाहिनी फुटते, आणि गल्लीत बातमी जाते की लेसरने डोळा गेला.

अण्णांचा लेसर त्यातला नाही. तो कसा होतो ते त्यांना वाचून दाखवा. माहीत नसलेल्या गोष्टीचीच भीती जास्त वाटते.

आधी बाहुली मोठी करायचे थेंब घालतात, त्यात अर्धा-पाऊण तास जातो. मग भूल देणारा थेंब. सुई नाही, कापाकापी नाही, पट्टी नाही. नेहमीच्या तपासणीचं यंत्र असतं तसंच समोर असतं. त्यावर हनुवटी टेकवायची, कपाळ पट्ट्याला चिकटवायचं. डॉक्टर जेल लावलेलं एक भिंग डोळ्यावर ठेवतात, त्यामुळे पापणी मिटत नाही. नेमाचा ठिपका लाल असतो. पायाखालचं बटण दाबलं की हिरवा लखलखाट होतो आणि यंत्र ‘टिक’ करतं. एक ठिपका म्हणजे सेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहून कमी. ठिपक्याचा आकार पन्नास ते शंभर मायक्रॉन, म्हणजे साधारण केसाच्या जाडीएवढा. मॅक्युलाच्या लेसरला दुखत नाही म्हटलं तरी चालेल. कडेच्या लेसरला मात्र काही जणांना चांगलंच टोचतं, ते मी लपवत नाही. दहा-पंधरा मिनिटांत काम होतं. उठल्यावर पाच-दहा मिनिटं सगळं जांभळट, अंधारलेलं दिसतं. बरोबर कुणीतरी हवं, स्कूटर स्वतः चालवत घरी जायचं नाही. दुसऱ्या दिवशी आंघोळ, जेवण, टीव्ही सगळं नेहमीसारखं.

पाळायची अट एकच, हलायचं नाही. उमेदवारीच्या दिवसांतली गोष्ट. एका आजींना यंत्रापुढे बसवलं होतं. पहिला हिरवा उजेड दिसताच त्यांनी दोन्ही हात जोडले आणि नमस्कारासाठी मान खाली घातली. माझा पाय नुकताच बटणावरून निघाला होता, म्हणून निभावलं. नेम मध्यापासून अर्ध्या मिलिमीटरवर असतो, मान हलली तर ठिपका नको तिथे पडतो आणि तिथली नजर परत येत नाही. तेव्हापासून प्रत्येकाला आधीच सांगतो, साक्षात सिद्धरामेश्वर दिसले तरी हनुवटी टेकवलेलीच ठेवायची, नमस्कार नंतर दोघं मिळून करू.

लेसर नेमकं करतो काय? पडद्याच्या खाली रंगद्रव्याने भरलेल्या पेशींचा एक थर आहे. तो थर उजेड शोषतो, तिथे उष्णता तयार होते. झिरपणारे फुगवटे त्या उष्णतेने आळतात, आणि खालच्या थरातल्या शेजारच्या पेशी जाग्या होऊन साचलेलं पाणी उपसायला लागतात. उजेड हिरवा किंवा पिवळाच का, यालाही कारण आहे. मॅक्युलात निसर्गतःच पिवळं रंगद्रव्य असतं, ते निळा उजेड शोषून घेतं. निळा वापरला तर वाचवायचा तोच भाग भाजेल. म्हणून ५३२ नॅनोमीटरचा हिरवा किंवा ५७७ चा पिवळा. पिवळ्यात हल्ली ‘मायक्रोपल्स’ नावाची पद्धत आहे, उजेड अगदी बारीक तुकड्यांत सोडायचा म्हणजे भाजल्याची खूण उरत नाही. सौम्य सुजेत ती उपयोगी पडते. मात्र काही जाहिराती तिला जादू म्हणून विकतात, ते मला पटत नाही.

उजेडाने पडदा भाजतो हे माणसाला ग्रहणामुळे कळलं. १९४५ च्या सूर्यग्रहणाकडे उघड्या डोळ्यांनी पाहिल्यामुळे मॅक्युला भाजलेले रुग्ण जर्मनीतल्या गेर्ड मायर-श्विकेराथ या डॉक्टरांनी पाहिले. हीच भाजणी आपण हव्या त्या जागी, हवी तेवढीच केली तर, असं त्यांच्या मनात आलं. सुरुवातीला त्यांनी आरशांनी सूर्यप्रकाशच डोळ्यात नेला, पुढे झेनॉनचा दिवा आला. १९६० मध्ये लेसरचा शोध लागला आणि त्या दशकाच्या अखेरीस आरगॉन लेसर पडद्यावर वापरात आला. हे सांगायचं कारण, त्याच प्रकाशाचं बेलगाम रूपही आता आमच्याकडे येतं. विसर्जन मिरवणुकीत ट्रॉलीवरच्या लेसर दिव्यांकडे बघत नाचलेली विशीतली पोरं, मॅक्युलात रक्तस्राव घेऊन. तिथे नेम धरणारा कुणी नसतो.

आता तुमचा खरा प्रश्न, दोन्हीकडे लेसरच का नको?

१९८५ सालापर्यंत मॅक्युलाच्या सुजेला खात्रीचा उपचारच नव्हता. त्या वर्षी आलेल्या अभ्यासाने दाखवलं की उपचार न केलेल्या डोळ्यांपैकी तीन वर्षांत २४ टक्के डोळ्यांची नजर तक्त्यावरच्या तीन ओळींनी उतरली, लेसर केलेल्यांत १२ टक्क्यांची. धोका निम्मा झाला, मोठीच गोष्ट. पण त्याच अभ्यासात तीन ओळींनी नजर सुधारलेले डोळे शंभरात तीनसुद्धा नव्हते. म्हणजे मॅक्युलाचा लेसर नजर राखतो, वाढवत नाही. पुढची वीस-पंचवीस वर्षं आम्ही सगळे डॉक्टर हेच करत होतो आणि, कबूल करतो, हे पुरतं सांगत नव्हतो. मी स्वतः एका शिक्षकांना ‘लेसर करू, बरं वाटेल’ असं बोलून गेलो होतो. महिन्याने त्यांना तेवढंच दिसत होतं. आपल्यावर उपचार फसला असं समजून ते यायचे थांबले. दीड वर्षाने आले तेव्हा सांभाळून ठेवलेलं तेही गेलं होतं. लेसरचं काम चोख झालं होतं, चुकला होता माझा शब्द.

नजर परत मिळू शकते हे इंजेक्शनांनी दाखवलं. रक्तवाहिन्यांची गळती वाढवतं तेही व्हीईजीएफच, आणि त्याचा निरोप अडवणारी ही औषधं. रॅनिबिझुमॅब २००६ पासून डोळ्यासाठी आहे, अफ्लिबरसेप्ट २०११ पासून. बेव्हॅसिझुमॅब मुळात आतड्याच्या कॅन्सरचं औषध, पण छोट्या मात्रेत डोळ्यासाठी जगभर वापरलं जातं आणि सगळ्यात स्वस्त पडतं. २०१० च्या अभ्यासात सूज मध्यावर असलेल्या डोळ्यांत इंजेक्शनवाल्यांची नजर सरासरीने सुधारली, नुसत्या लेसरवाल्यांची जवळपास होती तिथेच राहिली. म्हणून अण्णांच्या उजव्या डोळ्याला इंजेक्शन. तिथे लेसर करायचा तर मध्यावरच करावा लागेल, आणि प्रत्येक ठिपका म्हणजे एक छोटासा कायमचा डाग. फोव्हियाची सूज उतरवण्यासाठी फोव्हियालाच डाग द्यायचा, हा व्यवहार कुणी शहाणा करणार नाही.

कुठलं इंजेक्शन? नजर ६/१२ किंवा त्याहून चांगली असेल तर तिन्ही औषधं जवळपास सारखीच ठरतात. त्याहून कमी असेल तर पहिल्या वर्षात अफ्लिबरसेप्ट थोडं पुढे राहतं, असं २०१५ च्या तुलनेत दिसलं. अण्णांचा उजवा डोळा ६/१८ आहे, त्यामुळे परवडत असेल तर ते. नसेल तर स्वस्तातलं घ्या, पण वेळेवर घ्या. महाग औषधाची दोन इंजेक्शनं घेऊन पैसे संपले म्हणून थांबलेल्यापेक्षा स्वस्त औषधाची आठ इंजेक्शनं घेतलेला माणूस पुढे असतो. रॅनिबिझुमॅबची भारतीय कंपन्यांनी बनवलेली आवृत्ती २०१५ पासून मिळते, तो मधला मार्ग. महात्मा फुले योजनेत यातलं काय बसतं हे ज्या दवाखान्यात दाखवताय तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. ऐकीव माहितीवर जाऊ नका.

‘तीन इंजेक्शनं सांगितलीत’ असं तुम्ही लिहिलंय. इथे नीट लक्ष द्या. तीन ही सुरुवात असते, कोर्स नव्हे. पहिल्या वर्षात आठ-नऊ लागू शकतात, दुसऱ्या वर्षी दोन-तीन, तिसऱ्या वर्षी त्याहून कमी. पहिलं वर्षच जड जातं. आमच्याकडे तिसऱ्या इंजेक्शननंतर नजर सुधारली की लोक येत नाहीत, आणि सहा महिन्यांनी सूज घेऊन परत येतात. अक्कलकोट, मंगळवेढा, बार्शीहून येणाऱ्या माणसाचा एका खेपेला दिवसाचा रोज बुडतो, सोबत येणाऱ्याचाही, मला ते कळतं. म्हणून पहिल्याच दिवशी वर्षभराच्या तारखा आणि अंदाजे खर्च मांडून घ्या. इंजेक्शनचा मोठा धोका म्हणजे डोळ्यात जंतुसंसर्ग. हजारात एकालाही क्वचितच होतो, पण झाला तर गंभीर. इंजेक्शननंतर डोळा लाल होणं, दुखणं, नजर एकदम उतरणं यातलं काही झालं तर त्याच दिवशी दाखवायचं, अगदी रविवार असला तरी. आणि अण्णांना गेल्या काही महिन्यांत हार्ट अटॅक किंवा लकवा झाला असेल तर इंजेक्शनाआधी आवर्जून सांगा.

इंजेक्शनांनी सूज पुरती हटली नाही तर पाच-सहा महिन्यांनी उजव्या डोळ्यालाही मध्य सोडून लेसर करता येतो. तेव्हा सूज कमी झालेली असते, नेम स्वच्छ दिसतो आणि कमी शक्तीत काम होतं. म्हणजे तिथेही लेसर बाद झालेला नाही, त्याची पाळी नंतर येते. स्टेरॉइडचं इंजेक्शन हा आणखी एक पर्याय, पण त्याने मोतीबिंदू पिकतो आणि डोळ्याचा दाब वाढू शकतो. म्हणून तो मागे ठेवलेला बरा.

डाव्या डोळ्याचं गणित सोपं आहे. मध्य कोरडा, नजर ६/९, झिरपणारे फुगवटे मध्यापासून सुरक्षित अंतरावर. तिथे मोजके ठिपके देऊन गळती बंद केली तर सूज मध्याकडे सरकायचं थांबेल. कुणी म्हणेल, आत्ता नुसतं लक्ष ठेवूया, दर दोन-तीन महिन्यांनी ओसीटी काढूया. तेही चूक नाही. पण पिवळे कण मध्याच्या दिशेने सरकताना दिसताहेत, आणि उजव्या डोळ्याने आधीच दगा दिलाय, म्हणून मी लेसरच्या बाजूने आहे. परिणाम दिसायला तीन-चार महिने लागतात. आठवड्याने ओसीटी काढून निराश होऊ नका. आणि ‘लेसर केल्यावर अण्णांना काय जास्त दिसेल?’ असं विचाराल तर खरं उत्तर आहे: काहीच नाही. आज जे दिसतं ते टिकावं, यासाठीच हा लेसर.

मध्यावरच्या दुसऱ्या आजारांबद्दलही काही जण विचारतात, म्हणून भरभर सांगतो. म्हातारपणी मॅक्युला झिजते त्यातल्या कोरड्या प्रकाराला लेसरचा उपयोग नाही. ओल्या प्रकारात पूर्वी गरम लेसर करत, मग २००० साली थंड लेसर आला. त्यात शिरेतून वर्टेपॉर्फिन नावाचं औषध देऊन ८३ सेकंद लाल उजेड टाकतात आणि पाच दिवस उन्हात जायचं नाही. आता तिथेही बहुतेक वेळा इंजेक्शनच पहिलं. तिशी-चाळिशीतल्या पुरुषांत, ताणाखाली असणाऱ्यांत आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांत मॅक्युलाखाली पाण्याचा फोड येतो. तो बहुतेकांत तीन-चार महिन्यांत आपोआप बसतो, नाही बसला तर निम्म्या मात्रेतला थंड लेसर चांगलं काम करतो. सांध्यासाठी, दम्यासाठी, वजन वाढण्यासाठी कुणाकडून तरी घेतलेली पुडी यामागे असू शकते. त्या पुडीत स्टेरॉइड आहे का हे आधी विचारायला हवं.

लेसर किंवा इंजेक्शन करून शुगर ९.१ ठेवणार असाल तर नळ चालू ठेवून फरशी पुसण्यासारखं होईल. पण दोन महिन्यांत ९ वरून ६ वर आणायचा अट्टहासही नको, एकदम उतरवली तर काही डोळे तात्पुरते बिघडतात. फिजिशियनकडे जाताना सोबत न्यायचे रिपोर्ट म्हणजे रक्तदाब, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), हिमोग्लोबिन, कोलेस्टेरॉल. पायाला सूज असेल तर तेही सांगा. शुगरच्या गोळ्यांत पायोग्लिटाझोन असेल तर ते मॅक्युलाची सूज वाढवू शकतं, चिठ्ठी दाखवून बदलता येतं का विचारा, स्वतःहून बंद करू नका. अण्णा तंबाखू खातात का ते तुम्ही लिहिलेलं नाही. माग चालवणाऱ्या माणसाबद्दल मी ते गृहीतच धरतो, चुकलो असेन तर आनंद आहे.

क्रम असा ठेवा: उजव्याचं पहिलं इंजेक्शन याच आठवड्यात, डाव्याचा लेसर त्यानंतर आठ-दहा दिवसांनी. डोळ्याची अँजिओग्राफी सांगितली तर करून घ्या. हातात पिवळं औषध टोचून फोटो काढतात, गळती कुठे आहे ते त्यात दिसतं. दिवसभर लघवी पिवळीधमक होते, घाबरायचं नाही. दम्याचा किंवा औषधाच्या ॲलर्जीचा त्रास असेल तर आधी सांगायचं.

आणि घरी एक काम अण्णांकडे द्या, ते मनापासून करतील. दवाखान्यात चौकटींचा कागद मिळतो, तो भिंतीला लावायचा. जवळचा चष्मा घालून, फूटभर अंतरावरून, रविवारी सकाळी एक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे बघायचं, मग दुसरा. कागद हरवला तर न्हाणीघरातल्या फरशांच्या रेघा चालतील, खिडकीचे गज चालतील. चादरीवरच्या चौकटी मात्र त्यांना वापरू देऊ नका. रेघ वाकली तर ते विणणाऱ्याला नावं ठेवत बसतील.